पदक स्वीकारणारे हात

परमवीर चक्र हातात घेतलं तर मुठीत सहज मावेल. ब्राँझचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं, जांभळ्या फितीला लटकवलेलं एवढंसं पदक. ना सोनं, ना रत्नं. मधोमध राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती. रणांगणावरच्या पराक्रमासाठी आपल्या देशात यापेक्षा मोठा सन्मान नाही.

हे पदक एका बाईने कागदावर रेखाटलं आणि ती बाई आपल्या खानोलकरांची सून होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, १९१३ मध्ये न्यूशातेल गावी जन्मलेल्या. लष्करात असलेल्या विक्रम खानोलकरांशी १९३२ मध्ये लग्न केलं आणि नंतर त्या अशा काही भारतीय झाल्या की संस्कृत, पुराणं, संतवाङ्मय यांत आपल्यालाच मागे टाकतील. स्वतंत्र भारताची स्वतःची शौर्यपदकं तयार करायची ठरली तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं. सावित्रीबाईंना आठवले दधीची ऋषी. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं आणि ते वज्र घडवण्यासाठी ज्यांनी स्वतःची हाडं दिली, ते दधीची. २६ जानेवारी १९५० ला हे पदक अधिकृतपणे अस्तित्वात आलं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू झालं. योगायोग असा, की पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर जाहीर झालं, ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्याच थोरल्या मुलीचे दीर होते. पदकाचं चित्र काढताना आपल्या लेकीच्या सासरचाच माणूस त्याचा पहिला मानकरी ठरेल, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार?

दधीचींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण मैत्रिणींनो, दधीचींच्या बायकोचं नाव सांगा पाहू! मी चार-पाच कीर्तनं करणाऱ्या मंडळींना विचारलं. पुराणांतसुद्धा एकमत नाही. कुठे ती सुवर्चा आहे, कुठे गभस्तिनी. हाडं देणाऱ्याचं नाव हजारो वर्षं राहिलं, मागे राहिलेलीच्या नावाची मात्र कुणी नीट नोंदसुद्धा ठेवली नाही. मला आज जे लिहायचं आहे ते या मागे राहिलेलीबद्दलच.

आजवर एकवीस जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यातल्या चौदा जणांना ते मरणोत्तर मिळालं. म्हणजे ज्याने पराक्रम केला त्याच्या छातीवर पदक लागलंच नाही, ते कुणाच्या तरी हातात दिलं गेलं. आपण टीव्हीवर बघतो ना, राष्ट्रपतींसमोर पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या साडीत एक बाई उभी असते, शेजारी गणवेशातला अधिकारी, मागे धीरगंभीर आवाजात पराक्रमाचं वर्णन चाललेलं. दोन-तीन मिनिटांचा सोहळा. ती रडत नाही. आपण मात्र घरी पदराने डोळे पुसतो. मुलगा अविवाहित असेल तर बहुधा वडील पुढे येतात. कारगिलच्या वेळी कॅप्टन विक्रम बत्रा आणि कॅप्टन मनोज पांडे यांची परमवीर चक्रं त्यांच्या वडिलांनी स्वीकारली. आईचा हात तिथेही मागेच! असो.

उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचं गाव आहे. तिथल्या शिंपीकाम करणाऱ्या घरातला मुलगा अब्दुल हमीद. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात असल उत्तर इथे जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबरला ते स्वतः धारातीर्थी पडले. पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो. रसूलन बीबींचं आयुष्य मात्र तिथून सुरू झालं. पतीचं परमवीर चक्र स्वीकारणारी ही बाई त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं जगली. २०१७ मध्ये पतीच्या स्मृतिदिनाला त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत धामूपूरला गेले, तेव्हा त्या वृद्ध झाल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. रणगाड्यांची ती लढाई काही दिवसांत आटोपली. ही दुसरी अर्ध्या शतकाहून जास्त चालली आणि तिचं वर्णन वाचून दाखवणारा अधिकारी कुठल्याच समारंभात उभा नव्हता.

आता एक गोष्ट सांगते. ती वाचून मी तरी थक्क झाले होते. शौर्यपदकाबरोबर सरकार दरमहा काही रक्कम देतं. ऑगस्ट २०१७ पासून ती दुप्पट झाली: परमवीर चक्राला दहाची वीस हजार, महावीर चक्राला पाचची दहा हजार, वीर चक्राला साडेतीनची सात हजार. जवान हयात नसेल तर ही रक्कम त्याच्या पत्नीला मिळते. इथपर्यंत ठीक. पण १९७२ पासूनच्या आणि १९९५ मध्ये दुरुस्त केलेल्या नियमांत काय होतं? तर हा भत्ता विधवेला मिळेल तो तिच्या मृत्यूपर्यंत किंवा तिने पुन्हा लग्न करेपर्यंत. दुसरं लग्न केलं की बंद. अपवाद एकच. तिने दिराशी लग्न केलं आणि त्याच कुटुंबात राहिली, तर भत्ता चालू!

पुन्हा वाचा. परक्याशी लग्न केलं तर सन्मान संपला, दिराशी केलं तर टिकला. जणू पराक्रम त्या एका माणसाने केलाच नव्हता, तो त्या घराच्या सातबाऱ्यावर चढला होता आणि सूनबाई ही त्या सातबाऱ्यावरची एक नोंद! उत्तरेकडे पंजाब-हरयाणात थोरला गेला की वहिनीला धाकट्याच्या पदरात घालायची 'करेवा'ची रीत आहे. कारगिलनंतर कितीतरी तरुण विधवांवर तसा दबाव आल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या. काही ठिकाणी तर दीर वयाने इतका लहान की त्याला मिसरूड फुटलेलं नाही. पैसा घरात राहावा, नातू घरात राहावा, म्हणून सूनही घरातच राहावी. घरच्यांचं एक वेळ समजू शकते, पण सरकारी कागदानेही त्याच रीतीला आधार द्यावा?

१६ नोव्हेंबर २०१७ च्या पत्राने संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता पदकाचा भत्ता विधवेला तिच्या मृत्यूपर्यंत मिळतो. तिने लग्न केलं न केलं, कुणाशी केलं, हा प्रश्न सरकार विचारत नाही. देर आए दुरुस्त आए म्हणायचं. फक्त हिशोब करा, १९७२ ते २०१७ म्हणजे पंचेचाळीस वर्षं.

ही गोष्ट मी आमच्या महिला मंडळात सांगितली तेव्हा एक शहाणी बाई म्हणालीच, "पण मग दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पहिल्याच्या नावाचे पैसे तिने का घ्यावेत?" प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता आणि अनेकींच्या मनात तो असणार, म्हणून उत्तर देते. निवृत्तिवेतन पोटापाण्यासाठी असतं, त्याचे नियम वेगळे. पदकाचा भत्ता हा एका कृतीचा मान आहे. त्या माणसाने त्या दिवशी, त्या टेकडीवर जे केलं, ते त्याच्या बायकोने दहा वर्षांनी कुणाशी तरी संसार थाटला म्हणून पुसलं जातं का? ते होऊन गेलेलं आहे. ते कधीच न-झालेलं होणार नाही. मग त्याचा मान का थांबावा? आणि पतीच्या पराक्रमाला साथ कुणी दिली होती? तो सीमेवर असताना सासूचं पथ्यपाणी, पोरांची शाळा, शेताची आणेवारी, सगळं करणारी तीच होती ना?

सासूची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. ज्या आईने पोटचा गोळा गमावला, तिला सून गेली तर नातवंडंही जातील ही धास्ती असते, आणि ती खोटी नसते. २०२४ च्या जुलैमध्ये अशाच एका प्रकरणावर देशभर चर्चा झाली. सियाचीनमधल्या आगीत सहकाऱ्यांना वाचवताना गेलेल्या एका तरुण लष्करी डॉक्टरला मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. ते स्वीकारायला पत्नी आणि आई दोघी गेल्या होत्या. पुढे आई-वडिलांनी जाहीर तक्रार केली की लग्न झालं की निकटच्या नातेवाइकाच्या नियमात पत्नीच पहिली धरली जाते आणि आई-बापांना काही उरत नाही, तर नियम बदला. आई-वडिलांच्या हक्काचा विचार जरूर व्हावा, आर्थिक मदतीत त्यांचा वाटा आधीच ठरलेला असावा, हे मला पटतं. पण त्या चर्चेत त्या मुलीबद्दल मोबाइलवर जे जे लिहिलं गेलं, ते वाचून शरमेने मान खाली गेली. तिचं वय किती, संसाराचे महिने किती, आणि कुठे कोण बसलेले लोक तिच्या चारित्र्याचा पंचनामा करत होते! आदल्या आठवड्यात तिचाच पदक घेतानाचा फोटो याच लोकांनी 'सॅल्यूट' लिहून पुढे पाठवला असेल.

आपल्याकडे 'वीरपत्नी' हा शब्द मोठ्या आदराने वापरला जातो. चांगला शब्द आहे, पण जरा जड आहे. मंगळसूत्र उतरतं आणि हा शब्द गळ्यात पडतो. मग तिने हसायचं कसं, कुठल्या रंगाची साडी नेसायची, मुलाच्या वाढदिवसाला गाणी लावायची की नाही, हे सगळं गाव ठरवतं.

आमच्या तालुक्यात अशी एक मुलगी आहे. मुलगीच म्हणते, तिशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा नवरा गेला. त्याला मरणोत्तर सेना मेडल मिळालं. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला तिला कुठे ना कुठे बोलावणं असतं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. प्रजासत्ताक दिन येतो तो बहुतेक वेळा संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत. ज्यांनी सकाळी तिला व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं, त्यांच्याच घरी संध्याकाळी हळदीकुंकू असतं आणि तिला बोलावणं नसतं. व्यासपीठावर पुढाऱ्याच्या उजव्या हाताला चालते, पण चौरंगावरच्या हळदीच्या करंड्यापाशी चालत नाही! मला ती एकदा कपाट उघडून दाखवत होती. "ताई, चौदा शाली झाल्यात. स्मृतिचिन्हं तर मोजलीच नाहीत. तीन ठिकाणी ह्यांचं नाव चुकीचं लिहिलंय. वाईट दिसतं म्हणून सांगितलं नाही कुणाला."

तिला मी विचारलं, त्यांनी नेमकं काय केलं होतं गं? तिला थोडंफार माहीत होतं, पलटणीतल्या मित्राने फोनवर सांगितलेलं. प्रशस्तिपत्र घरात लावलं होतं, काचेच्या चौकटीत, पण ते मराठीत नव्हतं आणि घरात कुणी ते नीट वाचलेलं नव्हतं. महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांकडून आम्ही त्याचं मराठी करून घेतलं. एक पान. ते एक पान तिच्या मुलाने पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा त्याची आजी म्हणाली, "हे इतकं झालं होतं?" पदक मिळून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

माझं म्हणणं कळतंय ना? आपण शूर माणसाचा सत्कार करतो, पण तो शूर का, हे जाणून घ्यायचे कष्ट घेत नाही. युद्धातलं शौर्यपदक म्हणजे काही वशिल्याने वाटलेली शाल नाही. युनिटच्या प्रमुखाने शिफारस लिहायची, काय घडलं ते तपशिलाने मांडायचं, मग एकेका वरच्या पायरीवर त्याची छाननी, मंत्रालयातली समिती आणि शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. इतक्या चाळण्यांतून उतरलेला मजकूर असतो तो. कारगिलमध्ये टायगर हिलवर असंख्य जखमा घेऊन लढलेल्या योगेंद्रसिंह यादवांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं आणि मग कळलं की हा एकोणीस वर्षांचा जवान रुग्णालयात जिवंत आहे! त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान होता. घरी दोन्ही बातम्या कशा पोचल्या असतील, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो.

आणि आपल्या मातीतली माणसं? रामा राघोबा राणे हे नाव आपल्या मुलांना विचारून बघा. मूळ गाव कारवारकडचं, तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. पुढे भूसुरुंग, आडवी टाकलेली झाडं, वरून मशिनगनचा मारा. तोफगोळ्यांत त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः. तरी ८ ते ११ एप्रिल हा माणूस रणगाड्यांना वाट करून देत राहिला. रणगाड्याखालून सरपटत, दोरीने चालकाला थांब-चलच्या खुणा करत त्यांनी सुरुंग काढले, असं सांगितलं जातं. बंदूक चालवण्यापेक्षा वाट मोकळी करण्यासाठी मिळालेलं हे परमवीर चक्र मला फार जवळचं वाटतं. का ते विचारू नका, आपण बायका समजू शकतो. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. १९९४ मध्ये पुण्यात वारले.

माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाताना आपण तिथून जातो, चहाला थांबतो. १० जुलै १९४४, इटली. मराठा पलटणीतल्या या बावीस वर्षांच्या नाईकाच्या तुकडीतले सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. हा एकटा धावत गेला, बाँब टाकून ती मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता तर दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग दुरून आलेल्या गोळीने तो पडला. राज्य इंग्रजांचं, त्यामुळे पदक व्हिक्टोरिया क्रॉस. ते स्वीकारायला रायगड जिल्ह्यातल्या खेड्यातून त्यांची पत्नी दिल्लीला व्हाइसरॉयसमोर गेली होती. माणगाव ते दिल्ली, त्या काळात! पुतळा यशवंतरावांचा आहे आणि तो हवाच. मी मात्र तिथून जाताना तिच्या प्रवासाचा विचार करते.

साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिकांचं नाव सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते गेले, मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वातीताई दोन मुलांच्या आई. त्यांनी परीक्षा दिली, चेन्नईला खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात लेफ्टनंट झाल्या. मला त्यांचं प्रचंड कौतुक आहे. पण आपण समाज म्हणून टाळ्या वाजवतो त्या कशाला, हेही तपासू या. नवऱ्याचा गणवेश चढवणारी आपल्याला आवडते, कारण ती त्याच्याच वाटेने गेली. तशीच दुसरी एखादी ब्यूटी पार्लर काढते, तिसरी पुन्हा लग्न करते, चौथी नुसतीच मजेत राहते. त्यांच्यासाठी आपल्या टाळ्या कुठे जातात? सगळ्याच जणी लष्करात जाऊ शकत नाहीत, आणि जायला हवं असंही नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हा आदर्श घ्यायला सांगितलं. ज्या गावांत सैनिकांची घरं जास्त, सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, तिथे तरी हा ठराव सगळ्यांत आधी व्हायला हवा. ज्या बाईने तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उतरवून घेतली, तिच्या बांगड्या फोडायला आपण पुढे होतो, हे मला तरी सोसत नाही.

तेव्हा येत्या २६ जानेवारीला सत्काराचा कार्यक्रम ठेवणाऱ्या शाळा, मंडळं, ग्रामपंचायती यांना माझं सांगणं आहे. भाषणं दोन कमी करा आणि ते प्रशस्तिपत्र मराठीत वाचा. शक्य तर गावच्याच एखाद्या मुलीने वाचावं. नाव आधी घरी विचारून मग लिहा. सासू आणि सून दोघींना बोलवा, दोन खुर्च्या ठेवा. आणि संध्याकाळी ज्यांच्या घरी वाण लुटायचं आहे त्यांनी निरोप सकाळी व्यासपीठावरच द्यावा, सगळ्यांसमोर. आमच्याकडे गेल्या वर्षी दोघींनी तो दिला, एक नाही म्हणाली.

आणि ज्या बहिणींचा पदकाचा भत्ता पुन्हा लग्न केलं म्हणून थांबला असेल, त्यांनी किंवा त्यांना ओळखणाऱ्या कुणीही १६ नोव्हेंबर २०१७ ची तारीख कागदावर लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. सोबत पदकाच्या प्रशस्तिपत्राची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत न्यावी. एकटं जायला संकोच वाटत असेल तर मंडळातल्या चौघींनी बरोबर जावं, आम्ही जातो.